पगार झाला का?

‘पगार’ हा शब्द पोर्तुगीज आहे, हे सांगूनही पटत नाही, इतका तो आपल्या घरचा झालाय. पोर्तुगीजमध्ये ते क्रियापद आहे : पैसे चुकते करणे. स्पॅनिशमध्ये तेच, कॅटलानमध्येही तेच. मूळ लॅटिन ‘पाकारे’, म्हणजे शांत करणे. ज्याचं देणं लागतो, त्याचं समाधान करणे. इंग्रजीतला ‘पे’ही याच घराण्यातला.

ठाण्यावर पोर्तुगीजांचा अंमल जवळपास दोनशे वर्षं होता. त्यांनी १७३० मध्ये बांधायला घेतलेल्या किल्ल्यात आज मध्यवर्ती कारागृह आहे. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं जिंकलं. पोर्तुगीज गेले, पाव, बटाटा, चावी, काजू राहिले. ही वस्तूंची नावं. पगार ही मात्र कृती होती, आणि मराठीने तिचंही नाम करून टाकलं.

त्यामुळे आपल्याकडे पगार होतो, वाढतो, अडकतो, थकतो. पाऊस पडावा तसा होतो किंवा होत नाही. देणारा वाक्यात कुठे दिसतच नाही. मला हे खटकतं.

ठाण्यातल्या खोपटच्या एसटी आगारात संध्याकाळी वाहक हिशेबाला बसतो. दहाच्या नोटा वेगळ्या, विसाच्या वेगळ्या, चिल्लर बाजूला. लोकांच्या पैशाचा पै न् पै हिशेब देऊन, रोकड खिडकीवर भरून तो बाहेर येतो आणि सोबत्याला विचारतो, “पगार झाला का रे?” २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास सुरू झालेला एसटीचा संप २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. मागणी महामंडळाच्या राज्य सरकारमध्ये विलीनीकरणाची होती. पण तिच्या मुळाशी तुटपुंजा आणि वेळेवर हाती न पडणारा पगारच होता, असं मी मानतो.

१९३६ च्या वेतन कायद्याने हरवलेला कर्ता वाक्यात परत आणला. पगार देण्याची जबाबदारी कोणाची, हे त्यात लिहिलं, मुदतही घातली. २०२५ पर्यंत ती अशी होती : हजाराहून कमी कामगार असतील तर महिना संपल्यावर सातव्या दिवसाच्या आत, एरवी दहाव्या.

आपल्याकडे धुणीभांडी करायला येणाऱ्या मावशींपर्यंत मात्र तो कायदा पोहोचलाच नाही. तिथे देणारे आपणच. त्यांना “उद्या बघू” म्हणू नका. गावी गेल्याचे चार दिवस कापू नका. एक तारखेला, त्यांनी तोंड उघडून मागायच्या आत, पैसे हातावर ठेवा.