कुपनावरची अक्षरं

मनिऑर्डरच्या फॉर्मच्या तळाशी निरोपासाठी एक कुपन असे. पोस्टमन पैसे मोजून द्यायचा, सही घ्यायचा आणि ते कुपन फाडून हातात ठेवायचा. सही झालेली पोचपावती उलट मुंबईला जायची. बापूस गिरणीत, बायकापोरं गावात, आणि मधे हा कागद, अशी तळकोकणातली कितीतरी घरं चालली. आमचंही. आई प्रत्येक कुपन माजघरातल्या तारेत ओवून ठेवी. बाबा भेटत ते गणपतीत आणि मे महिन्यात. एरवी माझे बाबा त्या तारेत असत.

ते कार्डिंग खात्यात होते. कापसाची धूळ वर्षानुवर्षं छातीत साठत गेलेली. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले, आणि तारेत नवं कुपन यायचं थांबलं. काही महिन्यांनी बाबाच ट्रंक घेऊन गावी आले. पुढच्या पावसाळ्यात दम्याने गेले. मी पंधरा वर्षांची होते.

दिवसकार्य उरकल्यावर फंडाचे कागद शोधायला ट्रंक उघडली. घरात शिकलेली मीच, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. वरच पोचपावत्यांचा गठ्ठा होता, प्रत्येकीवर आईची सही. त्याखाली पतपेढीचा कर्जरोखा. बाबांच्या नावापुढे जांभळा ठसा आणि शेजारी कारकुनाच्या हातचं, ‘नि. डा. हा. अंगठा’.

मी तारेतली कुपनं उतरवून ओटीवर पसरली. वाचताना आपण मजकूर पाहतो, अक्षराचं वळण कोण पाहतो? त्या दुपारी मी फक्त वळणं पाहिली. एक उजवीकडे कललेलं, एक टपोरं, एक शिरोरेघ न देणारं. सगळी वेगवेगळ्या माणसांची. गणपतीत बाबा वर्तमानपत्र माझ्यापुढे सरकवून म्हणत, “चष्मो थंयच रवलो, तू वाच.” मी मोठ्याने वाचत असे आणि ते डोळे मिटून ऐकत. माझं वाचन त्या ओटीवर पक्कं झालं. चष्मा ट्रंकेतही नव्हता.

अंगठ्याचं मला काहीच वाटलं नाही, हे आजही शपथेवर सांगेन. हादरले ते वेगळ्याच गोष्टीने. बाबा गेले तरी त्यांच्या हातचं एवढं आपल्यापाशी आहे, असा धीर मी धरला होता. आता तेही त्यांच्या हातचं नव्हतं. तेराव्याला न रडलेली मी त्या कागदांवर ओणवी होऊन रडले.

आई चुलीपुढून उठली नाही. “त्येंका वाचूक येय नाय होता, ह्या माका पयल्याच वर्सा कळला. तुका कळू नये, इतक्याच त्येंचा म्हणणा होता.”

रात्री मी कुपनं पुन्हा वाचली. जवळजवळ प्रत्येकावर एक वाक्य होतं. ‘मुलीला शाळेत पाठवणे, पावसाचे निमित्त नको.’ दुसऱ्या अक्षरात, ‘मुलीची शाळा चुकवू नये, पाऊस असला तरी.’ आणि एकावर, लिहिणाऱ्याने काही न सुधारता जसंच्या तसं उतरवलेलं, ‘चेडवाक शाळेत धाड. पावसाचा निमित नको.’ हात कुणाकुणाचे असतील, पण इतक्या जणांच्या लेखणीतून एकच माणूस बोलत होता. ते कुपन मी इतरांपासून वेगळं काढलं.

ते लिहिणारे काका पुढे एका गणपतीत भेटले. लालबागला आमच्या गावमंडळाच्या खोलीत पाळ्यांप्रमाणे माणसं झोपत. जो जागा असेल त्याच्याकडून बाबा फॉर्म भरून घेत. काका मुंबईत नवे होते, ऐकलं तसं लिहिलं. “आदी शाळेचा घाल म्हणायचो,” ते म्हणाले. “तांदळाचा, उधारीचा मागसून. जागा सोपली तर?” घरी येऊन मी पाहिलं. शाळा सगळीकडे पहिल्या ओळीत होती, आणि दुकानदाराची उधारी कडेला दाटीवाटीने.

राष्ट्रीय साक्षरता मिशन १९८८ साली सुरू झालं. त्यानंतर आमच्या सिंधुदुर्गात प्रौढांचे वर्ग भरू लागले, तेव्हा मी शिकवायला गेले. बायका येत. पुरुष दारापर्यंत येऊन परतत, आणि ज्यांची मुलं शाळेत होती ते तर हटकून. आळशीपणा म्हणून त्यांना नावं ठेवणाऱ्यांशी मी भांडले आहे. साहेबापुढे अंगठा उठवण्याची लाज माणूस गिळतो. पोटच्या पोरापुढे ती गिळवत नाही. त्यांचा वर्ग मी मुलं झोपल्यावर, देवळामागच्या पडवीत घेऊ लागले. पाटीऐवजी पोस्टातून मनिऑर्डरचे कोरे फॉर्म आणले. १८८० पासून चालत आलेली ती मनिऑर्डर २०१५ मध्ये बंद झाली. तेव्हा मात्र तो फॉर्म स्वतः भरता येणं ही मोठी गोष्ट होती. एका गवंड्याने नाव, पत्ता, रक्कम सगळं सोडून थेट कुपनापासून सुरुवात केली. मी त्याला अडवलं नाही. रकमेचा रकाना पुढच्या आठवड्यात शिकवला.