जाहिरात अडवायची कुणी?

२० जुलै २०२५ रोजी आमदार रोहित पवारांनी एक व्हिडिओ समाजमाध्यमांवर टाकला. विधान परिषदेत बसलेले तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे त्यात दिसत होते आणि त्यांच्या हातातल्या मोबाइलवर रमीचा डाव दिसत होता. खालच्या सभागृहात काय चाललंय ते पाहायला आपण यूट्यूब उघडलं, त्यावर आलेली जाहिरात स्किप करत होतो, असा त्यांचा खुलासा होता. लातुरात छावा संघटनेच्या कार्यकर्त्यांनी कोकाटेंच्याच पक्षाचे नेते सुनील तटकरे यांच्यासमोर पत्ते टाकले, तिथे हाणामारी झाली आणि महिनाअखेरीस कृषी खातं दत्तात्रय भरणेंकडे गेलं. खुलासा कुणाला पटला, कुणाला नाही. पण यूट्यूब उघडलं की रमी समोर येते, हे धाराशिव जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

कळंब-वाशीच्या शिवारात सोयाबीनवर पिवळा मोझॅक दिसला की शेतकरी बांधावरच फोन काढतो. टाइप करत बसत नाही, बोलून शोधतो. पाठीवर पंप, हाताला औषध लागलेलं. हवा तो व्हिडिओ सापडतो, पण आधी एक जाहिरात, तिच्या पाठोपाठ दुसरी. स्किपचं बटण पाच सेकंदांनी येतं, कधी येतच नाही. शेवटी कोपराने फोन सांभाळत, शर्टाला अंगठा पुसून तो बटण दाबतो. दिवसाच्या दीड जीबीतला डेटा जाहिरातीनेही खाल्लेला असतो.

यावर उपाय म्हणून ॲड ब्लॉकर जन्माला आला, त्याला वीस वर्षांहून अधिक काळ झाला. त्याचं मूळ तत्त्व साधं आहे. जाहिराती कुठल्या पत्त्यांवरून येतात त्याची यादी ठेवायची आणि त्या पत्त्यांकडे जाणारी मागणी ब्राउजरमध्येच रोखायची. ‘ईझीलिस्ट’ ही त्यातली सर्वांत प्रचलित यादी स्वयंसेवक सांभाळतात.

यूट्यूबपुढे मात्र नुसती यादी पुरत नाही, कारण तिथे जाहिरात आणि व्हिडिओ एकाच घरचे. व्हिडिओ सुरू होण्याआधी सर्व्हर प्लेअरला एक लांबलचक माहितीपत्रक पाठवतो. व्हिडिओ कोणता, दर्जा काय आणि ‘ॲडप्लेसमेंट्स’ नावाच्या रकान्यात कुठल्या क्षणी जाहिरात लावायची. ‘यूब्लॉक ओरिजिन’सारखा ब्लॉकर तो रकानाच उडवतो. प्लेअरच्या लेखी मग जाहिरात नसतेच. आम्ही वेबचं काम करणारे हा खेळ ब्राउजरच्या आत रोज उघडा पाहतो.

जून २०२३ मध्ये यूट्यूबने काही प्रेक्षकांवर प्रयोग सुरू केला. ब्लॉकर आढळला की तीन व्हिडिओ पाहू द्यायचे, मग प्लेअर बंद. ब्लॉकर बंद करा, नाहीतर पैसे भरून जाहिरातीशिवायचं ‘प्रीमियम’ घ्या. वर्षअखेरीस ही मोहीम जगभर पसरली. युरोपात अलेक्झांडर हॅन्फ या खासगीपणाच्या अभ्यासकाने आयर्लंडच्या डेटा संरक्षण आयोगाकडे तक्रार केली. माझ्या यंत्रावर काय चालतं ते माझ्या परवानगीशिवाय तपासायचा अधिकार कंपनीला कुणी दिला, असा त्याचा सवाल होता. इकडे यादीवाले नवा नियम काढत, तिकडे यूट्यूब कोड बदले. २०२४ मध्ये कंपनीने जाहिरात सर्व्हरवरच व्हिडिओच्या प्रवाहात मिसळून पाठवण्याचे प्रयोग केले. दुधात पाणी एकदा मिसळलं की गाळणी काय करणार? त्याच वर्षी क्रोममधली, असे ब्लॉकर ज्यावर चालत ती एक्स्टेंशनची जुनी व्यवस्था टप्प्याटप्प्याने बंद व्हायला लागली आणि यूब्लॉक ओरिजिनची तिथली सद्दी संपली. गूगलने कारण सुरक्षेचं दिलं. पण ब्राउजर गूगलचा, व्हिडिओ गूगलचा आणि जाहिरातीचा बाजारही गूगलचा, हे विसरून कसं चालेल?

ही सगळी लढाई मुख्यतः लॅपटॉपवरची. धाराशिव हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक. परंडा-भूमच्या खेड्यात बहुतेक घरांना पडदा एकच, तो फोनचा, आणि त्यावर यूट्यूबचं ॲप. ब्राउजरचा ब्लॉकर ॲपला हातही लावू शकत नाही. त्यासाठी लोकांनी ‘व्हॅन्स्ड’सारखी बदललेली ॲप वापरली. गूगलच्या कायदेशीर नोटिशीनंतर मार्च २०२२ मध्ये ते बंद पडलं. आता तशा नावाच्या एपीके फाइल व्हॉट्सॲप-टेलिग्रामवरून फिरतात. जाहिरात चुकवायला अनोळखी एपीके टाकणं म्हणजे बँकेच्या ओटीपीला दार उघडून देणं.

प्लॅटफॉर्मची बाजूही पोकळ नाही. व्हिडिओवरच्या जाहिरातीच्या उत्पन्नातला ५५ टक्के वाटा यूट्यूब निर्मात्याला देतं. मे २०२५ मध्ये मुंबईच्या ‘वेव्हज’ परिषदेत यूट्यूबचे प्रमुख नील मोहन यांनी सांगितलं, की तीन वर्षांत भारतातले निर्माते, कलाकार आणि माध्यम कंपन्या यांना २१ हजार कोटींहून अधिक रक्कम दिली गेली. अहिल्यानगरजवळच्या सारोळा कासारच्या सुमन धामणे, म्हणजे ‘आपली आजी’, चुलीपाशी बसून लाखोंपर्यंत पोचल्या त्या याच व्यवस्थेतून. ब्लॉकरवाला प्रेक्षक आजीची पाककृती घेतो, पण तिच्या पदरात काही पडत नाही.

पण मग जाहिरात किती आणि कसली, हे कोण ठरवणार? टीव्हीला नियम आहे. केबल टेलिव्हिजन नियमांनुसार तासाला जास्तीत जास्त बारा मिनिटं. तो पाळला जातो की नाही हा वेगळा वाद, पण नियम आहे. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी ओटीटीला वयोगटाचं वर्गीकरण आणि तक्रार निवारण लावलं, जाहिरातीच्या मिनिटांवर मर्यादा घातली नाही. १७ जून २०२५ पासून प्राइम व्हिडिओने पैसे भरलेल्या ग्राहकांनाही जाहिराती दाखवायला सुरुवात केली. त्या नको असतील तर वर्षाला आणखी ६९९ रुपये.

सर्वोच्च न्यायालयाकडूनही फारशी आशा नाही. यूट्यूबवरच्या अश्लील जाहिरातींमुळे लक्ष विचलित होऊन परीक्षेत नापास झालो, ७५ लाख द्या, अशी याचिका एका उमेदवाराने केली होती. डिसेंबर २०२२ मध्ये न्या. संजय किशन कौल आणि न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने ती फेटाळली आणि त्यालाच दंड केला. जाहिरात आवडत नसेल तर पाहू नका, असा न्यायालयाचा सूर होता. याचिका हास्यास्पद होतीच. पण क्लासची फी परवडत नाही म्हणून पोलीस भरतीचं गणित फोनवर शिकणाऱ्या उमरग्याच्या पोराने पाहायचं नाही, तर शिकायचं कुठे?

जाहिरात खोटी असेल तर प्रश्न आणखी गंभीर होतो. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकर एका गेमिंग ॲपची भलामण करतोय असा बनावट व्हिडिओ फिरला, सचिनला स्वतः खुलासा करावा लागला. अमेरिकेच्या एफबीआयने तर डिसेंबर २०२२ मध्ये फसव्या जाहिरातींपासून वाचायला ॲड ब्लॉकर वापरण्याचा सल्ला दिला होता. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी आली. म्हणजे सरकारने मनावर घेतलं तर जाहिरात अडवता येते.

तेव्हा टीव्हीसारखी मिनिटांची मर्यादा स्ट्रीमिंगलाही लावावी आणि खोट्या जाहिरातीची जबाबदारी ती दाखवणाऱ्यावरही टाकावी, ही मागणी आपल्या खासदारांकडे करायला हवी. तोवर फोनवाल्यांनी एवढं करावं. गूगल खात्यातल्या ‘माय ॲड सेंटर’मध्ये जाऊन जुगार, मद्य, डेटिंग या प्रकारच्या जाहिराती कमी करा. खोटी वाटली ती जाहिरात तिथल्या तिथे रिपोर्ट करा. आणि जाहिरातीच्या नादाने पैसे गेलेच, तर लाजून गप्प न बसता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर फोन लावा.