उशाशी सापडलेले सफरचंद

स्टेफनी मायर यांची 'ट्वायलाइट' (२००५) ही कादंबरी लेकीच्या उशाशी दिसली. पिशाच्चाची प्रेमकथा म्हणून आम्ही नाक मुरडले. पण मुखपृष्ठावर ओंजळीत लाल सफरचंद, आरंभी उत्पत्तीच्या पुस्तकातील निषिद्ध फळाचे वचन! कुतूहलाने वाचू लागलो.

१९१८ च्या साथीत मरणोन्मुख असता पिशाच्च झालेला एडवर्ड मनुष्यरक्त वर्ज्य करतो. प्रिय बेलाच्या रक्ताची तहानही आवरतो. हा उपवास आम्हांस भावला. परंतु तोच रात्री तिच्या नकळत खोलीत शिरून तिला निजलेली पाहतो, आणि ते कळल्यावर ती सुखावते! येथे मन अडखळले. आदराविना संयम अपुराच.

पुस्तक आम्ही हिरावून घेतले नाही. "न विचारता उंबरठा ओलांडणारा तुला चालेल का?" एवढेच विचारले.

"पुस्तकातच बरा, पप्पा," लेक उत्तरली. पुस्तक आम्ही पुन्हा तिच्या उशाशी ठेवले.