दार उघडू नका!

डोंबिवलीकराला आग म्हटलं की एमआयडीसी आठवते. 2016 च्या मे महिन्यात तिथल्या एका कारखान्यात स्फोट झाला, 2024 च्या मे महिन्यात दुसऱ्या कारखान्यात झाला आणि लांब लांबच्या घरांच्या काचा फुटल्या. त्यामुळे आग ही कारखान्यांची भानगड, सोसायटीत फार तर कुणाची कढई पेटते, अशी आमची पक्की समजूत होती. आमची इमारत चार मजली, लिफ्ट नाही, ए आणि बी अशा दोन विंग. बांधली तेव्हा घरटी दोन पंखे, चार ट्यूबलाइट आणि एखादा फ्रिज एवढाच विजेचा संसार होता. आता घरोघरी एसी, गीझर, वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह. वायर मात्र तीच.

ती रात्रही मे महिन्यातलीच. उकाड्यानं जीव नकोसा झालेला, सगळ्यांचे एसी चालू. समोरच्या चाळीतले रिक्षावाले भाऊ शेवटचं भाडं सोडून दोनच्या सुमाराला परतत होते. आमच्या जिन्याखालच्या मीटररूमच्या जाळीतून त्यांना ठिणग्या दिसल्या. त्यांनी हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही, आणि दुसऱ्या हातानं 101 लावला. एरवी रात्री हॉर्न वाजवतात म्हणून आमच्याच सोसायटीनं त्यांना दोनदा सुनावलं होतं.

मी ए विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहते. हॉर्ननं जाग आली आणि पाठोपाठ जळक्या वायरचा वास आला. दार उघडलं तर समोरच्या घराचं दारही दिसेना. आग तळाला आणि वर गच्चीचं दार बंद, त्यामुळे जिन्याचं सरळ धुराडं झालेलं. दोन श्वासांत घसा सोलून निघाला. आमच्या ह्यांनी चपला चढवल्या होत्या. ‘चल, नाक दाबून उतरू, तीनच तर मजले,’ असं म्हणत ते माझा हात ओढत होते.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरून आरोळी आली, ‘दार उघडू नका! कुणीही जिन्यात येऊ नका!’ दुसऱ्या मजल्यावरचे काका एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सेफ्टीचं काम बघून निवृत्त झालेले. मीटिंगमध्ये ते बोलायला उभे राहिले की बाकीचे मोबाइल काढतात. त्या रात्री त्यांचा शब्द प्रत्येकानं ऐकला. गॅलरीत उभं राहून ते एकेका मजल्याला नावानं हाक मारत होते, सूचना देत होते. दार लावा, कुलूप नको. टॉवेल, चादरी ओल्या करून दाराच्या फटीत कोंबा. रस्त्याच्या बाजूच्या गॅलरीत या, खाली बसा, धूर वर जातो. टॉर्च लावा म्हणजे बंबवाल्यांना कळेल कुठल्या घरात माणसं आहेत.

वायरवरचं प्लास्टिक जळतं तेव्हा त्या धुरात नुसती काजळी नसते, विषारी वायू असतात. घराच्या आगीत माणसं भाजून जातात त्याहून जास्त गुदमरून जातात, हे काकांनी नंतर समजावलं. त्या रात्री समजवायला वेळ नव्हता, त्यांनी नुसतं दटावलं. तेच बरं झालं.

खाली चाळीतली माणसं बादल्या घेऊन धावली होती. पहिली बादली उचलली गेली तोच चाळीतला एक जण ओरडला, ‘पाणी मारू नका, लाइन चालू आहे!’ हा महावितरणमध्ये लाइनमन. त्यानं उघड्या अंगानंच सबस्टेशनला फोन लावला आणि आमच्या भागाचा पुरवठा बंद करायला लावला. गल्ली काळोखात गेली. पण तोवरची दोन-तीन मिनिटं महत्त्वाची होती आणि ती चाळीतल्याच एका स्कूलबसच्या ड्रायव्हरनं निभावली. स्कूलबसमध्ये आग विझवायचा सिलिंडर ठेवावाच लागतो. त्यानं गल्लीच्या तोंडाशी उभी असलेली बस उघडून तो आणला, पिन खेचली आणि ज्वाळांवर न मारता खाली, आगीच्या बुडाशी पावडर मारली. आमच्या सोसायटीचा सिलिंडर भिंतीवर होता. त्याचा काटा लाल पट्ट्यात जाऊन किती काळ लोटला होता कोण जाणे. वाळूच्या लाल बादल्याही होत्या. त्यांत वाळूपेक्षा पानाच्या पिचकाऱ्या आणि बिड्यांची थोटकं जास्त होती.

मीटररूममध्ये काय काय निघालं ते सांगायलाच हवं. एक सोफा, रंगाचे डबे, टायर नसलेल्या दोन सायकली, कुणाचं तरी लग्नातलं पाटावरवंट्याचं खोकं आणि बंदी येण्याच्या आधीचं गणपतीचं थर्माकोलचं मखर. ठिणगी पडली ती सैल झालेल्या जोडणीतून, पण तिला जेवू घातलं ते आम्ही.

पहिल्या मजल्यावर आजी एकट्या राहतात. ऐंशी ओलांडलेल्या, गुडघ्यांनी जेरीला आलेल्या. त्यांच्या गॅलरीला बाकी सगळ्यांसारखीच बाहेर काढलेली ग्रिल. फरक इतकाच की मुलीनं हट्टानं तिला एक छोटं दार ठेवून घेतलं होतं आणि किल्ली तिथंच खिळ्याला टांगलेली. मंडळाच्या पोरांनी मांडवाची शिडी लावली. आजींनी किल्ली काढून दिली, कुलूप उघडलं, पण उतरायला साफ नकार. ‘मी नाही शिडीवरून उतरायची, पडून मरण्यापेक्षा इथं बरी.’ मग एक पोरगा शिडीच्या वरच्या पायरीवर चढून त्यांचा हात धरून उभा राहिला. घराचं दार लावून घ्यायला सांगितलं, ओला पंचा तोंडावर धरायला लावला, आणि बंब येईपर्यंत तो त्यांच्याशी बोलत राहिला. काय बोलत होता विचारलं तर म्हणाला, ‘आजी मला कुळीथ पिठल्याची रीत सांगत होत्या.’ बाकीच्या ग्रिल, आमचीसुद्धा, चहूबाजूंनी वेल्डिंग मारलेल्या. चोर येऊ नये म्हणून घातलेलं लोखंड; आत अडकलेला माणूस त्यातून बाहेर पडणार कसा, हा विचार वेल्डरनं केला नाही आणि त्याला पैसे देणाऱ्यानंही नाही.

सगळ्यात वाईट अवस्था चौथ्या मजल्याची. धूर वर जाऊन तिथंच कोंडला होता. गच्चीच्या दाराला आतून कुलूप, किल्ली वॉचमनकडे, आणि वॉचमन गावाला. पोरं पतंग उडवतात, कुणी कुणाची वाळवणं उचलतं, या तक्रारींवर ते कुलूप आम्हीच ठराव करून लावलेलं. दोन्ही विंगची गच्ची एकच आहे, हे मात्र बी विंगवाल्यांच्या लक्षात आलं. ते आपल्या जिन्यानं वर चढले, टाकीजवळ पडलेली पहार घातली आणि दाराच्या बिजागऱ्याच उखडल्या. दार आडवं झालं आणि कोंडलेला धूर भपकन बाहेर पडला. चौथ्या मजल्यावरच्या वहिनी सांगतात, दाराच्या फटीतून येणारा धूर तेव्हा कुठं कमी झाला.

बंब लवकर आला, पण कोपऱ्यावर अडला. दोन्ही बाजूंना गाड्या. पोरांनी दुचाक्या उचलून बाजूला टाकल्या. एका चारचाकीचा मालक सापडेना तेव्हा दहा-बारा जणांनी मिळून ती उचलून फुटपाथवर चढवली. हीच ती मंडळाची पोरं, ज्यांच्या स्पीकरबद्दल मी स्वतः पोलिसांत फोन केलेला आहे. यंदाही आवाज वाढला तर करीन, तो वेगळा विषय.

जवान तोंडावर मास्क, पाठीवर हवेचा सिलिंडर लावून आत गेले. उरलेली आग विझवली, जिन्यातला धूर काढला आणि आजींना खुर्चीसकट खाली आणलं. कुणाला भाजलं नाही. चौथ्या मजल्यावरच्या दोघांना धुरामुळे दवाखान्यात न्यावं लागलं, सकाळी ते घरी आले.

मग कितीतरी दिवस ए विंगला वीज नाही. वीज नाही म्हणजे पंप नाही, पंप नाही म्हणजे पाणी नाही. बी विंगनं आपल्या टाकीतून पाइप टाकून दिला. बी विंगमधून एक्स्टेन्शन ओढू म्हणणाऱ्याला लाइनमननं सगळ्यांसमोर झापलं: ‘एक आग पुरली नाही का?’ आमच्याकडच्या एका आजोबांचं इन्सुलिन रिक्षावाल्या भाऊंच्या फ्रिजमध्ये राहिलं. त्यांची बायको वेळेवर ते आणून द्यायची आणि वर विचारायची, ‘आजोबा, जेवलात ना?’ चाळीत आमचं जाणं-येणं फार नव्हतं. आता आहे.

वायरिंग बदलायच्या खर्चावर मीटिंगमध्ये जे भांडण झालं ते लिहिण्यासारखं नाही. आमचा एसी नाही, आम्ही का द्यायचे, इथपासून सुरुवात. शेवटी वायरिंग बदललं, घराघरांत एमसीबीबरोबर गळती ओळखून वीज तोडणारा ब्रेकर बसला, मीटररूम रिकामी झाली आणि तिची किल्ली काचेच्या पेटीत आली.

पुढच्या एप्रिलमध्ये अग्निशमन दलाच्या लोकांना प्रात्यक्षिकाला बोलावलं. 14 ते 20 एप्रिल हा त्यांचा सप्ताह. 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला, त्यात अग्निशमन दलाचे 66 जवान गेले, त्यांच्या स्मरणार्थ तो पाळतात. आलेल्या अधिकाऱ्यांनी अंगणात कढईतलं तेल पेटवलं आणि लांब दांड्याच्या पळीनं त्यात वाटीभर पाणी सोडलं. ज्वाळा पुरुषभर उंच गेली, पुढे बसलेल्या बायका मागे सरकल्या. मग दुसरी कढई पेटवून नुसतं झाकण ठेवलं, गॅस बंद केला, विझली. गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण लावायचंही नाही आणि बंदही करायचं नाही, कारण ठिणगी दोन्हीत पडते. रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या, बाहेर येऊन 1906 ला फोन करायचा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो, म्हणून खिडकीबरोबर दारही उघडायचं. चाळीतल्या बायकांनी प्रश्न जास्त विचारले, आमच्याकडच्या पुरुषांनी व्हिडिओ जास्त काढले.

आमच्या ग्रिलला आता दार आहे, किल्ली शेजारच्या खिळ्याला. गच्चीच्या नव्या दाराला कुलूप नाही, नुसती कडी. पोरं पतंग उडवायला जातात, वाळत घातलेल्या कुरडया कमी होतात, तक्रारी येतात. येऊ देत. तुमच्या गच्चीची किल्ली कुणाकडे आहे, तेवढं मात्र आज जेवायच्या आधी विचारून या.