सख्खे, सावत्र आणि चांदोबा

आमच्या बदलापूरच्या नावाविषयी जुनी माणसे एक कथा सांगतात. सुरतेकडून घाटावर जाणारे स्वार इथे मुक्काम करीत, दमलेले घोडे सोडून ताजे घोडे घेत. घोडे बदलायची जागा, म्हणून हे बदलापूर. कथा खरी की खोटी ते जाणकारांनी ठरवावे. मला मात्र ती पटते, कारण स्टेशनच्या पश्चिमेच्या आमच्या मांजर्लीत निम्मी माणसे अशीच काहीतरी बदलून आलेली आहेत. कुणी मुंबईतली चाळ सोडून आले, कुणी गिरणी बंद पडल्यावर आले, कुणी गावचे शेत विकून आले. 2017 साली आम्ही आलो, तेव्हा आम्ही संसारच बदलला होता.

माझे पहिले यजमान अचानक गेले, तेव्हा माझी मुलगी दोन वर्षांची होती. ह्यांची पहिली पत्नी आजारपणात गेली, तेव्हा मुलगा चारचा होता. दोन मोडक्या घरांचे सामान एका टेम्पोत घालून आम्ही मांजर्लीला आलो. दोन पाट, दोन पोळपाट, दोन मिसळणाचे डबे. मुलगा सहा वर्षांचा, मुलगी तीनची. आठ दिवसांत ती त्याला 'दादा' म्हणू लागली आणि मग सारे घरच त्याला दादा म्हणू लागले. त्याच्यापुढे प्रश्न होता तो माझा. 'आई' हा शब्द भिंतीवरच्या तसबिरीला दिलेला होता. तो काढून मला द्यायचा नाही, हे त्याने मनाशी पक्के केलेले असावे. महिनाभर त्याने मला कसलीच हाक मारली नाही. मग एके दिवशी शाळेतून येऊन दारातूनच ओरडला, "माई, भूक लागली!" त्या दिवसापासून मी माई झाले. मला त्याहून अधिक काही नको होते.

'सावत्र' हा शब्द मोठा वाईट आहे. संस्कृतातल्या 'सापत्न'शी त्याचे नाते, आणि 'सपत्न' म्हणजे तर शत्रू. आपल्या साऱ्या कहाण्यांतून सावत्र आई येते ती लेकराला उपाशी ठेवायला किंवा रानात सोडायला. आमच्या घरात तो शब्द उच्चारला जात नसे. पण शब्दाला घरात घेतले नाही म्हणून तो जात नाही. तो पायरीवर बसून राहतो आणि वेळ आली की आत येतो.

ती वेळ 2023 च्या सप्टेंबरात आली. गणपती उठले, त्याच आठवड्यात दादाला ताप भरला. तापाचा सहावा दिवस त्याने पाहिला नाही. बारा वर्षांचा होता. डॉक्टरांनी त्यांना करता येण्याजोगे सारे केले. त्याविषयी मी अधिक लिहीत नाही; ज्यांच्या घरात असे झाले असेल त्यांना सांगायला नको, आणि इतरांना सांगून कळायचे नाही.

समाचाराला माणसे येऊ लागली. पहिल्या खोलीत ह्यांच्यापाशी पुरुष बसत. आतल्या खोलीत दादाची आजी, म्हणजे ह्यांच्या पहिल्या पत्नीची आई, भिंतीला टेकून बसलेली असे. बायका तिच्यापाशी जाऊन रडत. आधी लेक गेली, आता लेकीचा लेक. तिच्या दुःखाला जागा होती. मी चहा करीत होते. माझ्याकडे कुणी वाईट हेतूने दुर्लक्ष केले असे नाही. माझ्यापाशी काय बोलावे तेच त्यांना सुचत नसावे. शेवटी शेजारच्या एक बाई माझ्या पाठीवर हात ठेवून मायेने म्हणाल्या, "तुझी आहे ना एक, तिच्याकडे बघून धीर धर."

आजीने मान वर केली. म्हणाली, "तिची दोन होती."

एवढेच. पुन्हा तिने डोके भिंतीला टेकले. त्या दिवसापर्यंत तिच्याशी माझे बोलणे 'या, बसा, जेवून जा' एवढेच होते. माझ्या हातचा चहा घेतानादेखील तिच्या मनात लेकीची आठवण येत असणार हे ओळखून मी फार जवळ जात नसे. आणि माझे रडणे अडले होते ते तिनेच मोकळे केले.

पुढे कागदपत्रांच्या निमित्ताने एका परिचित वकिलांकडून कळले, की 1956 च्या हिंदू वारसा कायद्यात मुलाच्या मागे पहिल्या वर्गाचे वारस म्हणून आईला स्थान आहे. बापसुद्धा दुसऱ्या वर्गात येतो. सावत्र आई मात्र त्या 'आई' शब्दात बसत नाही. दुसऱ्या वर्गात पुष्कळ खाली 'बापाची विधवा' अशी एक नोंद आहे, तीत ती येते. म्हणजे दादाशी कायद्याने नाते सांगायचे तर आधी मला कुंकू पुसावे लागेल! वारशाचा प्रश्न नव्हताच. बारा वर्षांच्या मुलाच्या मागे काय असणार? एक सायकल, एक दप्तर. पण माणसाला आपले नाव कुठेतरी लिहिलेले असावे असे वाटते.

कायद्यापेक्षा महाभारत मला अधिक जवळचे वाटले. वनपर्वात तळ्याकाठी चौघे भाऊ मरून पडलेले आहेत आणि यक्ष युधिष्ठिराला सांगतो, यांतला एकच उठवीन, कोण हवा ते सांग. धर्मराज ना भीम मागतो, ना अर्जुन. तो नकुलाला मागतो. कुंतीचा एक मुलगा मी जिवंत आहे, माद्रीचाही एक असावा, एवढेच त्याचे म्हणणे. पुढे युद्ध आहे, भीमार्जुनांवाचून ते जिंकता यायचे नाही, हे त्याला कळत नव्हते थोडेच? पण त्या क्षणी त्याला दिसली ती आधीच चितेवर गेलेली सावत्र आई. लहानपणी ही कथा मी धर्मराजाच्या न्यायाची म्हणून ऐकली होती. आता ती मला एका जोडलेल्या घराची कथा वाटते.

आणि आमच्याच लोहमार्गावर कल्याण आहे. तिथल्या जोशांच्या घरची यमुना नवव्या वर्षी, 1874 साली, पोस्टात नोकरी करणाऱ्या विधुर गोपाळराव जोशांना दिली. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. ते दुःख पोटात घालून आनंदीबाई 1883 साली समुद्रापार गेल्या आणि 1886 च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या. पुढल्याच फेब्रुवारीत पुण्याला वारल्या. हे सर्वांना ठाऊक आहे. पण अमेरिकेत ज्या थिओडोशिया कार्पेंटरबाईंनी त्यांना घरात घेतले, त्यांना त्या मावशी मानीत, आणि आनंदीबाईंच्या अस्थी त्या बाईंनी पोकीप्सी गावी आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवून घेतल्या, हे फार थोड्यांना आठवते. ना जात, ना गोत, ना भाषा. तरी घरच्या माणसांत जागा दिली. लोकलने कल्याण स्टेशन गेले की आता मला डॉक्टरीणबाईंच्या आधी ती मावशी आठवते.

दहाव्याला पुरुष उल्हास नदीवर गेले. पिंडाला कावळा शिवेना. ह्यांनी शब्द दिला, मामांनी दिला. झाडावर कावळे बसलेले, पण एकही खाली उतरेना. अखेर ह्यांनी हात जोडून म्हटले, "आजीला आम्ही अंतर देणार नाही," आणि कावळा उतरला. घरी येऊन ह्यांनी हे सांगितले. कावळ्यांचे मला काही कळत नाही. पण शब्द कुणाचा राहिला होता ते बरोबर कळले. आजीचा आणि आमच्या घराचा दुवा दादा होता. तो गेल्यावर ती आमची कोण? ह्यांच्या दिवंगत पत्नीची आई. माझी तर कुणीच नाही. कर्जतच्या गाडीत बसून ती गेली असती, तर पुन्हा यायला तिला निमित्त उरले नव्हते.

दीड महिन्यावर दिवाळी आली. घरात तळण नाही, आकाशकंदील नाही. रिवाजाप्रमाणे शेजाऱ्यापाजाऱ्यांनी फराळ आणून दिला. ओट्यावर नऊ डबे झाले आणि नऊ घरच्या चकल्या नऊ तऱ्हेच्या. भाऊबिजेच्या दिवशी आजी आली. मी बोलावले होते. दुपारी मुलीने मला विचारले, "आता मी कुणाला ओवाळू?" शाळेत कुणीतरी तिला सांगितले होते, की तो काही तुझा सख्खा भाऊ नव्हता. पायरीवरचा शब्द असा आत आला.

मी उत्तर शोधत होते, तोवर आजीने तबक मागून घेतले. "ज्यांना भाऊ नसतो त्या चंद्राला ओवाळतात. चल वर."

चंद्र द्वितीयेचा, आला म्हणेपर्यंत मावळणारा. आम्ही गच्चीवर गेलो. पश्चिमेला नव्या इमारतींच्या मधल्या फटीत कोर दिसली. मुलीने निरांजन हातात घेतले आणि थांबली.

"आजी, चांदोबा तर मामा ना? मग भाऊ कसा होईल?"

आजी क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "ज्याला जे नाही, ते त्याचं तो होतो. ओवाळ लवकर, बुडेल तो."

तिने ओवाळले. ओवाळणी आजीने आपल्या पिशवीतून काढून तबकात टाकली. 2019 च्या जुलैत नदीला पूर येऊन महालक्ष्मी एक्स्प्रेस जवळच पाण्यात अडकली होती, त्या रात्री तळमजल्यावरून वर धावताना दादाने आपले दप्तर टाकून हिची बाहुली उचलली होती. खाली उतरताना ही गोष्ट मुलीने आजीला सांगितली. आजीला ती ठाऊक नव्हती. दादाची तिला ठाऊक नसलेली आणखी पुष्कळ वर्षे आमच्याजवळ होती, आणि आम्हाला ठाऊक नसलेली पहिली वर्षे तिच्याजवळ. त्या रात्री आम्ही त्यांची देवाणघेवाण करीत बसलो. रांगायला लागल्यावर तो कांदे लपवी, हे मला तेव्हा कळले. इतके दिवस घुम्यासारखे बसलेले हे आतून उठून आले आणि म्हणाले, "लपवून वर त्यांच्यावर बसत असे." आम्ही हसलो. दादा गेल्यानंतर घरात हसणे झाले ते पहिलेच.

दुःख कमी होते असे मी म्हणणार नाही. भिंतीवर मायलेकरांच्या दोन तसबिरी शेजारी शेजारी आहेत. त्यांच्यापुढे मी उभी राहते, तेव्हा आपण मधल्या सहा वर्षांपुरत्या होतो, असे अजूनही मनात येते. पण त्या सहा वर्षांची साक्ष द्यायला आता घरात तिघे आहेत.

यंदा आमच्याकडे तळण झाले. आजी वसुबारसेलाच आली आहे. करंजीच्या सारणात खसखस किती घालायची यावरून आमचे दोघींचे सकाळपासून पटत नाही. ह्यांच्या ऑफिसातले एकजण आले होते, त्यांनी सहज विचारले, "ह्या आपल्या कोण?" मी बोलण्याआधीच मुलगी म्हणाली, "दादाची आजी." आणि चकलीचा सोऱ्या घेऊन ती आत गेली.