वादीची बाजू

चेंडू शिवायला घेतला की आधी मी तो कानाशी धरून दाबतो. हवा कुठून सुटते ते डोळ्यांआधी कानाला कळतं. ही सवय नानांची, म्हणजे माझ्या काकांची. धानोऱ्यात मी मुलांना फुटबॉल शिकवतो आणि उसवलेले चेंडू स्वतःच शिवतो. दोन्ही मला त्यांनीच दिलं.

नाना १९५६च्या सुमारास खान्देशातल्या एका लहान कॉलेजकडून राइट हाफ खेळायचे. इथली कॉलेजं तेव्हा पुणे विद्यापीठाखाली होती. सामने बाद पद्धतीचे. हरलं की वर्ष संपलं. तापी व्हॅलीच्या गाडीने जायचं, खेळून रात्रीच्या गाडीने परतायचं. बदली खेळाडू नाही. पाय मुरगळला तरी त्यानेच शेवटपर्यंत उभं राहायचं. सामने असे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, म्हणून मला वाटतं, त्या संघाचा खरा हंगाम सरावातच होता. आणि सराव चालायचा एकाच चेंडूवर. तो चेंडू जगवणं हे नानांचं काम.

कातड्याच्या पट्ट्या, आत रबरी ब्लॅडर. हवा भरली की ब्लॅडरची नळी दुमडायची, दोऱ्याने आवळायची, चिरेतून आत सरकवायची आणि वरून वादी ओवून घट्ट ओढायची. त्या वादीवर हेड बसला तर कपाळावर वळ उठे. म्हणून कॉर्नर घेणारा चेंडू ठेवतानाच वादी कुठे आहे ते बघायचा. सामना सुरू होताना वजन नियमाप्रमाणे १४ ते १६ औंस. पण पावसात, आमच्या काळ्या जमिनीत, कातडं पाणी पीत जाई आणि उत्तरार्धात चेंडू दगडासारखा लागे. नाना रात्री तो पुसून सावलीत वाळवायचे, शिवणींना चरबी चोळायचे. उन्हात ठेवला तर कातडं तडकतं.

त्याच वर्षी मेलबर्नला नेव्हिल डिसोझाने ऑस्ट्रेलियावर तीन गोल केले, भारत ऑलिंपिकमध्ये चौथा आला. ही बातमी सांगताना नानांच्या हातातली सुई थांबायची.

चेंडू उलटा करून शिवतात, टाके आत राहतात. शेवटची शिवण सगळ्यांत अवघड, कारण तोवर चेंडू सुलटा झालेला असतो आणि बोटं आत जात नाहीत. मेण लावलेला एकच दोरा, दोन टोकांना दोन सुया. आरीने पाडलेल्या एकाच भोकातून दोन्ही सुया समोरासमोर न्यायच्या. म्हणजे एक बाजू झिजून तुटली तरी दुसरी धरून ठेवते. ओढ मात्र सारखी हवी. एखादी शिवण जास्त आवळली की चेंडूचा गोल बिघडतो, तो हवेत वाकडा जातो आणि पोर आपल्या पायाला दोष देत बसतं. म्हणून कुणाची किक सतत एकाच बाजूला जायला लागली की मी आधी चेंडू तपासतो, मग पाय.

मी पहिला चेंडू शिवला तेव्हा घाईत सुई ब्लॅडरमध्ये गेली. नाना काहीच बोलले नाहीत. त्यांनी सगळी शिवण उसवली आणि आरी पुन्हा माझ्या हातात दिली.

आताचे चेंडू बत्तीस तुकड्यांचे, व्हॉल्व्हचे; वादी गेली. पण शिवण तीच. परवा एक चेंडू काळ्या तुकड्यालगत दोन बोटं उसवला होता. पोरं ओट्यावर गप्प बसून होती. शेवटचा टाका आत ओढला, हवा भरली आणि चेंडू बादलीतल्या पाण्याखाली दोन्ही हातांनी दाबून धरला. सगळे वाकून बघत होते. एकही बुडबुडा आला नाही.