बैल, गाडी आणि न्यूटन

परवा लेक गतीचे नियम पाठ करत बसली होती. क्रिया आणि प्रतिक्रिया समान आणि विरुद्ध असतात, असं दोन-तीनदा घोकलं आणि मधेच थांबून म्हणाली, "बाबा, बैल गाडीला ओढतो तेवढ्याच जोरानं गाडीही बैलाला मागं ओढते ना? मग गाडी हलते कशी?"

मला एकदम केजमधला आमचा वर्ग आठवला. तिथंही हाच प्रश्न निघाला होता. "दोन्ही बलं वेगवेगळ्या वस्तूंवर असतात," असं सरांनी फळ्यावर लिहिलं आणि आम्ही ते वहीत उतरवलं. कळलं मात्र कुणालाच नाही. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मित्र उठला. दसरा झाला की आईवडिलांबरोबर ऊसतोडीला सांगलीकडे जायचा, उन्हाळ्याच्या तोंडावर परत यायचा. म्हणाला, "सर, बैल जमिनीला मागं रेटतो, म्हणून जमीन त्याला पुढं रेटती. चिखलात बैल तेच असतेत, पण पायाला धर नसतो. मग पाचट टाकावं लागतं."

वर्ग हसला. उत्तर मात्र अगदी बरोबर होतं.

गाडी बैलाला मागं ओढते हे खरंच. पण बैलावर आणखी एक बल असतं, जमिनीनं पुढं दिलेला रेटा. तो गाडीच्या ओढीपेक्षा जास्त झाला की बैल पुढं सरकतो. गाडीचा हिशेब वेगळा. तिला बैलाची ओढ पुढं नेते आणि चाकांना होणारा विरोध अडवतो. पुढची ओढ जास्त ठरली की गाडी हलते. डांबरी रस्त्यावर दोन टन उसाची गाडी एकदा चालू लागली की तिला थोडाच जोर पुरतो. खरी कसोटी वावरातून बाहेर काढताना. चाकं रुततात, विरोध कितीतरी वाढतो आणि नेमकं तिथंच खुरं घसरतात. बैल गुडघ्यावर येतो. ताकद तेवढीच असते, पण ओली काळी माती तो रेटा परत देत नाही.

न्यूटननं हे नियम १६८७ साली छापले. माझ्या मित्राला ते बैलाच्या कासऱ्यातून कळले होते.

पुढच्या दसऱ्याला तो गेला तो शाळेत परत आलाच नाही. हुशार तो माझ्यापेक्षा जास्त होता, हे मला तेव्हाही माहीत होतं. फरक एवढाच, की माझ्या वडिलांना दर महिन्याला पगार होता आणि दसऱ्यानंतर आमच्या घराला कुलूप लागत नव्हतं. पाय रोवायला मला जमीन मिळाली. पुढं शिकलो, नोकरीला लागलो आणि बरीच वर्षं हे सगळं आपल्याच जोरावर झालं असं समजत राहिलो.

असो. लेकीला मी त्याचंच वाक्य सांगितलं. तिला लगेच कळलं. मग पुस्तक उलटंपालटं करत म्हणाली, "बाबा, पण हे यात कुठं लिहिलंय?"